बिढार आणि बांध : मराठी कादंबरीतील नोकरीचा शोध

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी माणूस शाळेतल्या निबंधात लिहितो आणि पुढे आयुष्यभर नेमका तिच्या उलट वागतो. मुलीसाठी स्थळ पाहताना प्रथम नोकरी विचारली जाते, शेती असेल तर ती ‘वर जोडीला’ हवी असते. म्हणीतला क्रम केव्हा उलटा झाला याचा इतिहास अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सापडेल. परंतु तो उलटा झाल्यामुळे माणसाच्या रोजच्या वागण्याबोलण्यात, स्वतःकडे आणि इतरांकडे पाहण्याच्या वृत्तीत कोणते बदल झाले, हे शोधायचे असेल तर कादंबरीकडेच वळावे लागते. मराठी समीक्षेने मात्र कादंबरीतील नोकरीकडे बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले आहे. नायक प्राध्यापक आहे, कारकून आहे, बेकार आहे एवढी नोंद करून ती परात्मता, मूल्यसंघर्ष, ग्रामवास्तव अशा अधिक भारदस्त संज्ञांकडे वळते. या लेखात भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटीलविषयक कादंबऱ्या आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ यांचा मुख्यत्वे, आणि त्यांच्या संदर्भात बाबूराव बागूल व दया पवार यांच्या लेखनाचा, नोकरीच्या शोधाच्या दृष्टीने विचार केला आहे.

मराठी भाषेतच या विषयाची एक खूण आहे. मराठीत नोकरी ‘लागते’. लॉटरी लागते, ठेच लागते, तशी नोकरीही लागते, म्हणजे ती कर्त्याच्या हातची गोष्ट नसते. काम मात्र ‘करावे’ लागते. वशिल्याने नोकरी मिळालेला माणूस कुठेतरी ‘चिकटतो’, आणि ज्याच्या ओळखी आहेत तो दुसऱ्याला ‘चिकटवतो’. कायम झालेला माणूस ‘सुटला’ असे म्हटले जाते. एकाच व्यवहारात चिकटणेही सुटका आणि सुटणेही सुटका! या क्रियापदांमधून नोकरीविषयीची जी सामूहिक वृत्ती दिसते ती कष्टाची नाही, प्रवेशाची आहे. आत जाणे महत्त्वाचे. आत गेल्यावर काय करायचे हा प्रश्न दुय्यम. नोकरीविषयक मराठी कादंबरीही याच वृत्तीत वाढली आहे. दाराबाहेरचा माणूस तिने फार तपशिलाने रंगवला, दाराच्या आतले काम मात्र तिच्यात अभावानेच आले.

चांगदेवचे राजीनामे

‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील इंग्रजीचा अधिव्याख्याता आहे. मुंबईतले शिक्षण आणि तिथली वाङ्मयीन मित्रमंडळी मागे टाकून तो लहान गावांतल्या महाविद्यालयांत नोकऱ्या करतो. एक नोकरी सोडतो, दुसरीकडे जातो, तिथे खोली शोधतो, काही दिवस रमतो, पुन्हा उठतो. संस्थाचालकांची मनमानी, प्राध्यापक कक्षातील जातींचे गट, प्राचार्यपदासाठीच्या कारवाया, प्लॉट आणि बंगल्यांच्या चर्चा यांचे इतके सविस्तर चित्रण त्यापूर्वी मराठीत झालेले नव्हते. आजही एखाद्या महाविद्यालयातील नवा सहकारी ‘झूल’ वाचून झाल्यावर आपल्याच प्राध्यापक कक्षाकडे चोरट्या नजरेने पाहू लागतो, इतके ते चित्र टिकून आहे.

चांगदेवची ही भटकंती समीक्षेने प्रामुख्याने अस्तित्ववादाच्या परिभाषेत वाचली. मृत्यूची जाणीव, एकाकीपण, कुठेही मुळे न धरणारे मन ही सूत्रे त्यांत आहेतच आणि ती नाकारण्याचे कारण नाही. ‘बिढार’ या शब्दातच तात्पुरता मुक्काम आहे. पण हा मुक्काम हलवण्याची सोय नायकाला कोणी पुरवली, हा प्रश्न या वाचनात सुटून जातो. राजीनामा देऊन निघालेल्या माणसाला दुसऱ्या गावी दुसरी नोकरी मिळते, तीही पुन्हापुन्हा मिळते, ही गोष्ट मनोवृत्तीची नसून काळाची आहे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि फी-सवलतींमुळे बहुजन समाजातील मुले मोठ्या संख्येने महाविद्यालयापर्यंत पोहोचली. तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघत होती. पदव्युत्तर पदवी असलेला, त्यातही इंग्रजीचा माणूस दुर्मीळ होता. जून महिन्यात संस्था अशा माणसाला शोधत असत. चांगदेवला नोकरीचा शोध करावा लागतो तेवढाच शोध नोकरीलाही त्याचा आहे.

म्हणून चांगदेवचा राजीनामा ही केवळ एका स्वाभिमानी माणसाची कृती म्हणून वाचणे अपुरे ठरते. तो एका पिढीला मिळालेला अल्पकालीन अधिकार होता. संस्थाचालकाच्या तोंडावर नकार देऊन सामान बांधता येणे, ही नैतिक शक्यता आर्थिक विस्तारातून निर्माण झाली होती. नेमाडे यांच्या नायकाची निर्भीडता कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. दुर्मीळ असूनही वाकणारे, प्लॉट घेणारे, गटात शिरणारे सहकारी त्याच कादंबऱ्यांत भरपूर आहेत. म्हणजे शक्यता असूनही ती सर्वांनी वापरली नाही. चांगदेवने ती वापरली, यात त्याचे वेगळेपण आहे. परंतु शक्यता होती, ही गोष्ट त्याच्या वेगळेपणाइतकीच महत्त्वाची आहे. ती दृष्टिआड झाली की पुढच्या पिढीतल्या नायकाकडून चांगदेवच्या बाण्याची अपेक्षा केली जाते आणि तो पूर्ण झाला नाही की त्याला दुबळा ठरवले जाते.

‘झूल’ हे शीर्षक या दृष्टीने अधिक नेमके आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल चढते. मिरवणुकीपुरता बैल देखणा दिसतो. दुसऱ्या दिवशी मानेवर जू असते. नोकरीतून मिळणारी प्रतिष्ठा अशीच पाठीवर टाकलेली असते, अंगातून आलेली नसते, असा अर्थ त्यातून निघतो. येथे नेमाडे यांची दृष्टी नोकरीपेक्षा नोकरदाराच्या वृत्तीवर रोखलेली आहे. मात्र एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. एवढ्या मोठ्या कादंबरी-मालिकेत प्राध्यापकाचे प्रत्यक्ष काम, म्हणजे तासाची तयारी, वर्गात एखादी कविता पोहोचणे वा न पोहोचणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, यांना मिळालेली जागा प्राध्यापक कक्ष, खोली आणि खानावळ यांच्या मानाने थोडी आहे. चांगदेव नोकऱ्या सोडतो त्या व्यवस्थेमुळे, कामामुळे नव्हे. काम त्याला आवडत होते की नाही, याबद्दल वाचकाच्या मनात ठाम चित्र उरत नाही.

याआधीच्या पांडुरंग सांगवीकरची स्थितीही याच अंगाने पाहता येते. ‘कोसला’ (१९६३) मध्ये शिक्षण अर्धवट सोडून पांडुरंग गावी परततो. हे परतणे पराभवाचे मानले गेले. तथापि त्याला परत घेणारे घर होते, वडिलांची शेती आणि गावातले वजन होते. नोकरी न शोधण्याची चैन त्याला परवडणारी होती. ‘चैन’ हा शब्द कठोर वाटेल. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले दुसरे एक पुस्तक शेजारी ठेवले की तो अपरिहार्य वाटू लागतो.

खोली मिळेल काय?

ते पुस्तक म्हणजे बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ मधील कथासंग्रह. शीर्षककथेतील तरुण रेल्वेत नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे जातो. त्याला नोकरी मिळते. पेच सुरू होतो तो नोकरी मिळाल्यानंतर, कारण आता त्याला राहायला खोली हवी असते. जात लपवल्याशिवाय खोली नाही, आणि लपवलेली जात उघडी पडली की मार. नोकरी मिळणे आणि माणूस म्हणून जागा मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या कथेइतक्या स्पष्टपणे मराठीत क्वचितच कोणी दाखवले असेल.

खोलीचा शोध चांगदेवही करतो. लहान गावांतल्या घरमालकांच्या चौकशा, आडनावावरून जातीचा अंदाज घेणे, हे सारे नेमाडे यांनी उपरोधाने रंगवले आहे. मात्र चांगदेवच्या बाबतीत तो उपरोधाचा विषय होऊ शकतो, बागूलांच्या नायकाच्या बाबतीत होऊ शकत नाही. एकाचे बिढार हलते, दुसऱ्याचे पडतच नाही. ‘मुळे नसणे’ ही संज्ञा दोघांनाही लावणारी समीक्षा हा भेद पुसून टाकते.

येथे आरंभीच्या म्हणीकडे पुन्हा पाहावे लागते. ‘उत्तम शेती’ ही ज्याच्याकडे जमीन आहे त्याची म्हण आहे. ज्याच्या वाट्याला जमीन नव्हती, गावकीची कामे होती आणि त्या कामांच्या मोबदल्यात बलुते होते, त्याच्या तोंडी ती शोभणारी नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे नावच कामाच्या एका जुन्या व्यवस्थेवरून आलेले आहे. बलुत्यात काम जन्माने ठरते आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीने. महार वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. त्याआधी कितीतरी वर्षे डॉ. बाबासाहेब आंबेडकर वतनाच्या या बेडीविरुद्ध लढत होते. या पार्श्वभूमीवर नोकरी ‘कनिष्ठ’ असूच शकत नाही. ठरावीक तारखेला, ठरावीक रक्कम, सही करून घेणे आणि कोणासमोरही हात न पसरणे हा तिचा अर्थ आहे.

तरीही ‘बलुतं’मध्ये नोकरीचा जयजयकार नाही. मुंबईतील कावाखान्याच्या वस्तीत चिंध्या-कागद गोळा करणाऱ्या बाया, गोदीत राबणारे बाप, यांच्यातून वर आलेला दगडू मारुती पवार पशुवैद्यकीय महाविद्यालयात छोटी नोकरी करतो, पुढे रेल्वेच्या हिशेब खात्यात जातो. पांढरपेशा होताच त्याला आपल्याच माणसांसमोर अवघडल्यासारखे होते. पवारांनी हे अवघडलेपण झाकलेले नाही. लेखक दया पवार आणि दगडू यांना समोरासमोर बसवण्याची निवेदनाची रीत त्याच अवघडलेपणातून आलेली आहे. नोकरीने माणूस दुभंगतो, हा अनुभव चांगदेवलाही परका नाही. पण चांगदेव दुभंगाला कंटाळून नोकरी सोडू शकतो. दगडूच्या पाठीशी असलेल्या माणसांची संख्या पाहता त्याला राजीनाम्याचा विचारही परवडणारा नाही.

डोनेशनचा आकडा

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा देशभर सुरू असतानाचा तो काळ होता. त्यामुळे ‘बारोमास’ची ओळख शेतकरी जीवनाची शोकांतिका अशी पक्की झाली. ती चुकीची नाही. बुलढाणा भागातील कोरडवाहू शेती, कर्ज, पावसाची हुलकावणी, वऱ्हाडी बोलीतला घरातला रोजचा कलह यांचे असे ठाव घेणारे चित्रण मराठीत विरळाच. परंतु या ओळखीमुळे कादंबरीचा दुसरा, तितकाच मोठा विषय झाकला गेला. ‘बारोमास’चा नायक एकनाथ हा प्रथम नोकरी न मिळालेला उच्चशिक्षित तरुण आहे आणि त्यानंतर शेतकरी आहे. त्याने शेती निवडलेली नाही. शिक्षकाची नोकरी विकत घेता आली नाही म्हणून ती त्याच्याकडे उरली आहे.

नोकरीसाठी डोनेशन हवे आणि डोनेशनचा आकडा लाखांत आहे. शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम उभी राहायची तर ती जमिनीतूनच उभी राहू शकते. म्हणजे नोकरी मिळवायची तर शेत विकायचे, आणि नोकरी लागली नाही तर शेतही गेले. हा पेच चांगदेवच्या काळात नव्हता. तेव्हा संस्थाचालक आपली जात, आपला गट, आपला नातेवाईक पाहत असे. पुढच्या काळात यांपैकी काहीही न बदलता त्यावर रकमेची भर पडली. १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून शिक्षणाच्या दारावर किंमत लिहिण्याची सवय लागली असे म्हणता येईल. विद्यार्थ्याच्या प्रवेशाला किंमत आली आणि पाठोपाठ शिक्षकाच्या प्रवेशालाही आली. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. तीत पहिली तीन वर्षे पगाराऐवजी मानधनावर काम करण्याची अट होती. दार अरुंद होत गेले तसतसा बाहेर उभ्या असलेल्यांकडून घेता येईल असा आकडा वाढत गेला.

एकनाथच्या रोजच्या वृत्तीचे चित्रण हा या कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग आहे. तो आळशी नाही, शेतात राबतो. पण तो राबताना स्वतःकडे पाहत असतो. शिकलेल्या माणसाच्या नजरेने स्वतःच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहणे हे त्याचे खरे दुःख आहे. त्याच्या बापाला हे दुःख ठाऊक नाही. बापाचे दुःख पावसाचे, भावाचे, कर्जाचे आहे. त्याच्या मनात शेतीला दुसरा पर्याय कधी आलेलाच नव्हता. एकनाथच्या मनात तो आलेला आहे आणि गेलेला नाही. पदवीने त्याला नोकरी दिली नाही. पण शेतीकडे अपयश म्हणून पाहणारी नजर मात्र दिली. शिक्षणाने दिलेली एवढी एकच गोष्ट त्याच्याकडून परत घेता येत नाही. बांधावर उभा राहून तो पिकाकडे पाहतो तेव्हा त्याला पीकही दिसते आणि आपण इथे असायला नको होतो हेही दिसते.

‘मातीची ओढ’ हा शब्दप्रयोग ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत इतका रुळला आहे की तो कुठेही लागू केला जातो. एकनाथच्या बाबतीत तो फसवा आहे. त्याला मातीची ओढ आहे की नाही याची परीक्षाच झालेली नाही. नोकरीचे पत्र हाती असताना त्याने शेती स्वीकारली असती तर ती ओढ ठरली असती. चांगदेवचे न रमणे आणि एकनाथचे न हलणे ही दोन स्वभावांची चित्रे म्हणून वाचली जातात. वास्तविक ती नोकरीच्या दाराच्या दोन अवस्थांची चित्रे आहेत. एका काळी दार उघडे होते म्हणून माणूस हलू शकला, दुसऱ्या काळी ते बंद होते म्हणून तो बांधावर उरला.

‘बारोमास’च्या मांडणीतील एक मर्यादाही येथे सांगितली पाहिजे. नोकरी देणाऱ्यांचे जग या कादंबरीत बाहेरूनच दिसते. संस्थाचालक, त्यांचे मध्यस्थ, रक्कम देऊन आत गेलेला आणि आता कर्ज फेडत शिकवणारा शिक्षक ही माणसे आतून उभी राहत नाहीत. कदाचित घराच्या आणि शेताच्या बाहेर न जाण्याचा लेखकाचा निश्चय त्यामागे असावा. परंतु ज्याने शेत विकून नोकरी घेतली त्याची गोष्ट एकनाथच्या गोष्टीपेक्षा कमी करुण नाही. तो वर्गात उभा राहतो तेव्हा फळ्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल? काम ही त्याच्या लेखी भांडवलाची परतफेड असते, आणि तिथे अध्यापन या शब्दाचा अर्थच बदलतो. नेमाडे यांना जसे वर्गातले काम दुय्यम वाटले, तसेच देशमुख यांनाही, कारणे भिन्न असली तरी, ते कादंबरीबाहेर ठेवावेसे वाटले.

अलकाची बाजू

एकनाथची पत्नी अलका नवरा नोकरीला लागेल या भरवशावर लग्न होऊन आलेली आहे. तो भरवसा खोटा ठरतो आणि ती माहेरी निघून जाते. महाविद्यालयीन वर्गांतून अलकाचे वर्णन ‘समजूत नसलेली शहरी पत्नी’ असे केले जाते, आणि मार्गदर्शक पुस्तिकांत ते तसेच छापले जाते. हे अन्यायाचे आहे. ज्या व्यवहारात मुलीचे लग्न नवऱ्याच्या नोकरीशी केले जाते, त्या व्यवहारात नोकरी न मिळणे म्हणजे करारच न पाळला जाणे होय. तिने शेतातले काम शिकून घ्यावे अशी अपेक्षा सर्वांची आहे. पण तिने स्वतः नोकरी शोधावी, असा विचार त्या घरात कोणी गंभीरपणे करत नाही. एकनाथचे दुःख त्याच्या पदवीचे आहे. अलकाच्या शिक्षणाचे काय झाले, हा प्रश्न कादंबरी विचारते त्याहून अधिक जोराने समीक्षेने विचारायला हवा होता.

स्त्रीच्या नोकरीचे चित्रण मराठीत अगदीच नवे नाही. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मध्ये शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या कथा आहेत. तिथे मुलीची नोकरी ही तिची मुक्ती होण्याआधी घराची गरज होऊन बसते, आणि घर चालते म्हणून तिचे लग्न लांबणीवर पडते. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) मध्ये घराचा भार उचलण्यासाठी कार्यालयात गेलेली थोरली मुलगी तीच गाठ घेऊन मध्यमवयात पोहोचते. या दोन्ही पुस्तकांत, पुरुष नायकांच्या कादंबऱ्यांच्या तुलनेत, नोकरी ‘शोधण्या’ची कहाणी जवळजवळ नाही. स्त्रीला नोकरी शोधायचीही मुभा नसते, ती तिच्यावर येऊन पडते. पुरुषाच्या कादंबरीत नोकरीचा अभाव हे संकट आहे आणि स्त्रीच्या कथेत नोकरीचे असणे. हा भेद स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

अभ्यासिकेतला माणूस

गेल्या दोन दशकांत नोकरीविषयक वाचनाची एक निराळीच लाट आली. स्पर्धा परीक्षांतून अधिकारी झालेल्यांची आत्मकथने मोठ्या प्रमाणावर वाचली जातात. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ (२०१६) हे त्यातले सर्वपरिचित उदाहरण. ग्रामीण घर, तोकडी साधने, पराकोटीचे कष्ट आणि अखेर यश अशी या पुस्तकांची वाट असते. ती प्रांजळपणे लिहिलेली असू शकतात आणि त्यांनी अनेकांना धीर दिला हेही खरे. परंतु वाङ्मयप्रकार म्हणून त्यांची एक अट आहे : ती यशानंतरच लिहिता येतात. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढून, मेसच्या डब्यावर राहून, वयोमर्यादा संपल्यावर गावी परतलेला माणूस असे पुस्तक लिहीत नाही. त्याचे गावाकडे परतणे पांडुरंगाच्या परतण्यासारखे नाही आणि एकनाथच्या राहण्यासारखेही नाही. त्याला कोणी डोनेशन मागितले नव्हते. दार नियमाने उघडे होते, फक्त आतल्या जागा मोजक्या होत्या. त्यामुळे दोष देण्यासाठी त्याच्याकडे संस्थाचालक नाही. दोष देण्यासाठी तो स्वतःच उरतो. यशोगाथांनी प्रयत्नांवर दिलेला भर त्याच्यापुरता आरोपासारखा ऐकू येतो.

या वृत्तीचा, म्हणजे व्यवस्थेवरचा राग स्वतःवर वळण्याचा, मराठी कादंबरीने अजून पुरेसा शोध घेतलेला नाही. चांगदेवकडे तुच्छता होती, दगडूकडे अवघडलेपण, एकनाथकडे हताश कडवटपणा. अभ्यासिकेतल्या माणसाकडे शिस्तीचे वेळापत्रक असते आणि त्याखाली लाज असते. त्याच्या बोलण्यात ‘पुढच्या वर्षी’ हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की त्यांचा अर्थ झिजून गेलेला असतो.

महाविद्यालयांच्या बाबतीत दाराचा हा प्रकार अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. नेट १९८९ पासून, राज्याची सेट १९९५ पासून, मग पात्रतेचे नवे नियम, मग त्यांतून सूट, मग सुटीला हरकत. एम.फिल. ही पदवी काही काळ पात्रतेच्या चर्चेत होती. २०२२ च्या नियमावलीने ती पदवीच बंद झाली. पात्र होईपर्यंत पात्रतेची व्याख्या बदललेली असते. दरम्यान शिकवण्याचे काम थांबत नाही. ते तासिका तत्त्वावर चालते. तासिका तत्त्वावरचा अध्यापक चांगदेवसारखाच गावोगाव फिरतो. एका दिवशी दोन महाविद्यालये, एस.टी.चा पास, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत मोबदला नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. बाहेरून पाहता हे बिढारच आहे. मात्र त्याला राजीनामा देता येत नाही, कारण राजीनामा द्यायला मुळात नेमणूक असावी लागते.

अशा अध्यापकाला पदव्युत्तर वर्गावर ‘जरीला’ शिकवण्याची वेळ येते. प्रश्नपत्रिकेत चांगदेवची परात्मता स्पष्ट करा असे विचारले जाते, आणि त्याने दिलेल्या टिपणांवरून विद्यार्थी अस्तित्ववाद, एकाकीपण, मृत्यूची जाणीव असे मुद्दे क्रमाने लिहितात. त्याला मागच्या बाकावरून कोणी विचारले की चांगदेवला पगार किती होता, नोकरी सोडल्यावर दुसरी किती दिवसांत मिळाली, तर हे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून बाजूला ठेवले जातात.